चादरीवरची सुरकुती

शिंप्याने मशीनचं चाक हाताने थांबवलं आणि मनगटावरचा पट्टा कानाशी नेला. थरथर नाही, उजेड नाही. रात्री चार्जिंगला लावायचा राहिला होता. त्याने तो वायरीला जोडला आणि अर्धवट शिवलेल्या बाहीकडे बघत बसला. आता उठायचं की नाही, हेच त्याला कळेना.

पट्टा लेकीने आणून दिला होता.

"बाबा, दिवसभर बसून असता. तासातासाला हा थरथरेल, की उठून चालायचं. पावलंही मोजतो हा."

"आणि दिवसभर पायडल मारतो, ते काय हाताने?"

थट्टा केली खरी, पण पट्टा अंगवळणी पडला. थरथरला की तो उठे आणि स्वयंपाकघर ओलांडून मागच्या खोलीपर्यंत जाई. घरात सरळ चालायला तेवढीच वाट होती. तिथे बायको प्लास्टरमधला पाय लांब करून पडलेली असे. पलंगापाशी वळायचं. वळताना चादरीवर सुरकुती दिसली, की त्याच्यातल्या शिंप्याला राहवत नसे. एक हात फिरवायचा आणि परत मशीनवर.

आज तो दोनदा उठला आणि दोनदा खाली बसला. कुणी मोजतच नसेल, तर ते चालणं धरायचं कशात?

"अहो," आतून हाक आली, "रागावलात का?"

नुकती धुगधुगी आलेला पट्टा मनगटावर चढवून तो आत गेला.

"रागावू कशाला?"

"सकाळपासून फिरकला नाहीत. काल शेजारीणबाईंना सांगत होते, आमच्या ह्यांना तोंडाने विचारपूस जमत नाही. पण पाय मोडल्यापासून काम टाकून येतात, चादर सारखी करतात नि जातात."

खरं सांगावं तर तिच्या चेहऱ्यावरचा आनंद जाणार. गप्प बसावं तर फुकटची शाबासकी खाल्ल्यासारखं होणार. त्याला मनापासून लाज वाटली.

सवयीने हात पुढे केला, तर चादरीवर सुरकुतीच नव्हती. मग काय करावं ते न सुचून तो स्टूल ओढून बसला. लेकीचा विषय निघाला, मग प्लास्टर कधी निघणार त्याचा. बोलणं लांबत गेलं. बोलता बोलता तिने त्याचा हात हातात घेतला होता.

मनगट थरथरलं. तो चपापला.

"उठा," ती म्हणाली. "तुमची चालायची वेळ झाली."

"तुला माहीत होतं?"

"लेकीने पट्टा आणला, तेव्हा मी काय बहिरी होते?"

"मग शेजारीणबाईंना तसं का सांगितलंस?"

"चादर सारखी करायला पट्ट्याने सांगितलं होतं का?"

पट्टा पुन्हा थरथरला. शिंप्याने चादरीची कड मुठीत धरली, ती पार चुरगळून गेली, आणि तो तसाच बसून राहिला.