फुगलेली बॅटरी

शिवणवालीच्या नवऱ्याचा श्वास यंत्रावर चालायचा. गळ्यात नळी, नळीला यंत्र, यंत्राला भिंतीतली वीज, आणि वीज गेलीच तर लिथियमची एक मोठी बॅटरी. त्या बॅटरीला ती जिवापाड जपायची. म्हणजे काय, तर रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवायची आणि धूळ बसू नये म्हणून वर गोधडी घालायची. तिचा धाकटा दीर बॅटऱ्याच दुरुस्त करायचा. भरली की काढत जा, पांघरूण घालू नका, ती तापते, असं त्यानं कितीदा बजावलं. ती हो म्हणायची आणि त्याची पाठ फिरली की पुन्हा लावायची. ऐनवेळी रिकामी निघाली तर, या धास्तीनं तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

त्या दुपारी वीज गेली आणि यंत्र कोकलायला लागलं. तिनं गोधडी ओढली, तर बॅटरी फुगून टम्म, कवच कडेनं उकललेलं. नवऱ्याचे डोळे तिच्यावर खिळले होते. तिनं नळीला हातानं दाबायचा रबरी फुगा जोडला आणि तो दाबतादाबताच दिराला फोन लावला.

"ती यंत्राला लावू नका, वहिनी. कधी पेटेल नेम नाही. आधी घराबाहेर उघड्यावर न्या. मी माझ्याकडची घेऊन निघालोच, अँब्युलन्सही बोलावतो."

"बाहेर कशी नेऊ? फुगा कोण दाबेल?"

फोनमधून स्कूटरला किक मारल्याचा आवाज आला.

तिनं शेजाऱ्यांना हाका मारल्या, पण सगळे कामावर गेलेले. बॅटरी आता फुसफुसत होती, गोडसर उग्र वास सुटला होता. लावूनच टाकावी, घटकाभर तरी चालेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग कवचाच्या फटीतून धुराची रेघ निघाली.

ती नवऱ्याच्या कानाशी वाकली. "आलेच हं मी."

चारपाच मोठे श्वास भरून तिनं फुगा सोडला. चार्जरची वायर उपसली, कपडे मापायच्या लाकडी पट्टीनं बॅटरी लोखंडी घमेल्यात ढकलली आणि घमेलं धरून मागच्या अंगणात धावली. ते टेकवून वळते न वळते तोच पाठीमागे भसकन भडका उडाला. तिनं मागं पाहिलं नाही.

नवऱ्याचे ओठ निळे पडले होते, डोळे मिटले होते. ती फुगा दाबत राहिली. बोटांत गोळे आले तरी दाबत राहिली. "अहो, भांडायला तरी उठा," ती म्हणत होती, "मी काही एकटीनं भांडायची नाही."

दीर आला. त्यानं बॅटरी जोडली, यंत्र चालू झालं, छाती वरखाली होऊ लागली. डोळे मात्र उघडले नाहीत. अँब्युलन्समध्येही नाहीत.

संध्याकाळी दवाखान्यात नवऱ्यानं पापण्या उचलल्या. मेंदूला किती झळ बसली ते आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. तो बराच वेळ बायकोकडे पाहत होता. मग त्याचे ओठ हलले, आवाज न करता. काय म्हणाला ते तिला कळलं नाही, दिरालाही नाही.

"हो," ती म्हणाली, आणि त्याचा हात घट्ट धरून बसली.