साडेचारशे मीटरच्या आत

आमच्या विभागात मी दिवसभर लोकांना चालवतो. लांब कॉरिडॉर, दोन टोकांना दोन खुणा, हातात घड्याळ. सहा मिनिटांत माणूस किती चालतो ते मोजायचं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आक्रसत जाण्याच्या आजारावर एक नवं औषध तपासलं जातंय आणि त्यात कोणाला घ्यायचं ते या चालण्यावर ठरतं. चालणाऱ्याला घाई करायची नाही, थोपवायचं नाही. नेमून दिलेली चार वाक्यं बोलायची, बाकी मूग गिळून बसायचं. मी घरीही आता त्याच आवाजात बोलतो, असं बायको म्हणते. म्हणो बापडी, दुसरा आवाज काढायला त्राण कुठे उरतं?

त्या दिवशी चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई आल्या, सोबत त्यांची आई. जुन्या गोळ्या पुऱ्या पडत नव्हत्या, सगळी भिस्त या औषधावर होती.

"महिनाभर गच्चीवर सराव करून घेतलाय हिच्याकडून," आई म्हणाली. "नापास व्हायची नाही."

इथला नियम उलटा होता. साडेचारशे मीटरच्या वर चालणाऱ्याला यात घेत नाहीत. ते आधी सांगायचंही नाही, नाहीतर लोक मुद्दाम रेंगाळतात.

बाई निघाल्या त्या जिवाच्या आकांताने. ओठ निळसर झाले, पण चाचणी थांबवावी इतकं काही नव्हतं. आई भिंतीशी उभी राहून पुटपुटत होती, "चल बाळा, थोडंच राहिलं." बाई, जरा हळू चाला की, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. म्हणालो मात्र, "छान चाललंय. दोन मिनिटं राहिली."

चारशे सत्तर मीटर भरले. बाई खुर्चीत कोसळल्या आणि हसल्या. "पास ना?"

मी आत जाऊन डॉक्टरांना आकडा दाखवला. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तीन महिन्यांनी बोलवा. तोवर चालणं कमी होईलच, मग घेता येईल." हात त्यांचेही बांधलेले होते, तरी मला त्यांचा राग आला.

बाहेर येऊन मी तेच जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. बाईंना लगेच कळलं. आईला वेळ लागला.

"म्हणजे ही आणखी खालावायची वाट बघायची?"

"हो," मी म्हणालो.

"मी रोज देवाकडे हिच्यासाठी ताकद मागते. आता काय मागू?"

बाईंना अजून धाप लागलेली होती. त्यांनी आईचा हात धरला.

"तीन महिने काही मागूच नकोस, आई."