दिसलं वीतभर, वाटलं वारभर

शाहूपुरीतला दिलदार टेलर मोठा नेमाचा माणूस. दोनदा माप घेतल्याशिवाय कातर हातात धरायचा नाही. एकाहत्तर साली दुकान काढलं, तेव्हापासून त्यानं शिवलेली एकही पँट दुरुस्तीला परत आली नव्हती. पण मंडळी, दुकानात शहाणा असलेला माणूस घरातही शहाणा असतो, असं थोडंच आहे!

त्याची बायको सलमा गडमुडशिंगीच्या बालवाडीत शिकवायची. रोज एसटीनं जा-ये. एका संध्याकाळी दिलदारनं स्टँडवर पाहिलं, सलमा पोट धरून हसत गाडीतून उतरतेय आणि कंडक्टर सयाजी तिची पिशवी तिच्या हातात देतोय. झालं! मत्सरानं त्याच्या छातीत आग पेटली. घरात ही अशी हसत नाही, मग तिथं कशी हसते?

त्या दिवसापासून तो भिंतीकडं तोंड करून जेवू लागला. सलमा आधी बोलायचा प्रयत्न करायची, मग तीही गप्प झाली. ती गप्प झाली तसा याचा संशय पक्का झाला. मनात चोर आहे म्हणूनच ही बोलत नाही! महिनाभर असं चाललं आणि एका रविवारी सकाळी त्यानं फर्मान काढलं.

"उद्यापास्नं तुझी नोकरी बंद!"

सलमा रडली नाही. तिनं ट्रंक बाहेर काढली. "मग उद्या मी मुरगूडला जाते, आईकडं."

दुपारी दिलदारची फुफी, म्हणजे आत्या, हुसेनबी दुकानात आली. घरातली ट्रंक तिनं पाहिली होती, आणि सलमाकडून सगळं ऐकलंही होतं. तिनं फळीवरचं कापड ओढलं.

"दिलदार, समोरच्या टपरीवर चहा पितोय न्हवं, त्या पावण्याला ह्याचा सदरा काप."

"त्याला बोलव की. माप घेतो."

"माप कशाला? हितनं दिसतोय की."

"लांबनं बघून कापतात व्हय, फुफी? कापड वाया जाईल!"

"कापडाची एवढी काळजी! आणि बायकोवर बिनमापाचीच कातर चालवलीस?"

दिलदार चपापला. "मी डोळ्यांनी बघितलंय."

"काय बघितलंस तेवढंच सांग."

"ती हसत हुती. त्यानं पिशवी दिली."

"आणि?"

"आणि... त्यांचं काय तरी हाय."

"हे बघितलंस?"

दिलदारची मान खाली गेली. "न्हाय. तसं वाटलं."

"दिसलं वीतभर आणि वाटलं वारभर! अरं, तू फुगलास म्हणून ती गप्प झाली, आणि तिचं गप्प बसणं तू पुरावा धरलास. विचारलंस का तिला एकदा तरी?"

नाही! महिनाभरात एकदाही नाही! दिलदारला स्वतःचीच लाज वाटली. दुकान तसंच टाकून तो घरी गेला. सलमा साड्यांच्या घड्या करत होती.

"त्या दिवशी गाडीत का हसत हुतीस?" आवाज चढू न देता त्यानं विचारलं.

सलमानं त्याच्याकडं नीट पाहिलं. "एक म्हातारी कोंबडी घेऊन चढलीती. 'कोंबडीचं अर्धं तिकीट दे, पर तिला खिडकी पायजे' म्हणून सयाजीरावांशी भांडत हुती. गाडीभर लोक हसत हुते."

दिलदारला हसू फुटलं. "मग मला का न्हाय सांगितलंस?"

"घरी येस्तवर तेच सांगायचं मनात हुतं. पण तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसलात."

दिलदारच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलो मी. नोकरी सोडू नको. आणि मुरगूडला... जाऊ नको."

सलमा लगेच विरघळली नाही. "पुन्हा संशय आला तर?"

"तर विचारीन. भिंतीकडं बघणार न्हाय."

तिनं ट्रंक कॉटखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी तो स्टँडवर गेला. सयाजीनं आजही पिशवी दिली, सलमा आजही हसली, आणि दिलदारच्या मनात आजही संशय उठला! पण त्यानं स्वतःला विचारलं, दिसलं किती? पिशवी आणि हसू. बाकी सगळं माझ्याच मनातलं. तो पुढं झाला.

"आज काय झालं गं?"

आणि सलमा घरी पोचेपर्यंत सांगत राहिली.

मंडळी, संशय कुणालाही येतो, त्यात गुन्हा नाही. पण मनात आलं ते खरंच मानून आपल्या माणसाला शिक्षा देऊ नका. तोंड फिरवण्याआधी एकदा विचारा. कापड चुकलं तर दुसरं आणता येतं, फाटलेला संसार मात्र कुठलाच टेलर शिवून देत नाही!