बातमीखालचा कोरा कागद

मित्रांनो, मी एक जुना बातमीफलक आहे. त्याआधी माझं लाकूड गंगेतल्या एका नावेच्या तळाला होतं. नाव मोडीत निघाली तेव्हा सुताराने तिच्या चार फळ्या जोडल्या, वर हिरवं कापड ताणलं आणि मला काशीतल्या मंगला गौरीजवळच्या मराठी वाचनालयात पश्चिमेच्या भिंतीवर टांगलं. माझ्यासमोर पूर्वेचा झरोका होता. त्यावर ठोकलेल्या पत्र्याला एक बारीक तिकोनी भोक होतं. त्यातून रोज सकाळी माझ्यावर उन्हाचा ठिपका पडे. भोक तिकोनी, पण ठिपका गोल! असं का, हे मला वर्षानुवर्षं उमगलं नव्हतं.

माझं काम साधं होतं. वर एक बातमी टाचलेली, तिच्याखाली कोरा कागद आणि बाजूला सुतळीला बांधलेली पेन्सिल. वाचणाऱ्याने आपलं मत लिहायचं आणि सही करायची. सही करायची म्हटल्यावर सगळेच गोड लिहीत. ‘उत्तम माहिती’, ‘फार छान’. एकदा व्यवस्थापक वेणीमाधवराव म्हणाले, “उद्यापासून नावं नकोत. सासऱ्याच्या सहीखाली सून बापडी काय लिहिणार?”

त्यांचं खरं होतं. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं, ‘पंखा फक्त पुरुषांच्या बाकावर का?’ पंखा सरकला. मला केवढा अभिमान वाटला!

पण हळूहळू माझ्यावर वेगळीच अक्षरं उमटू लागली. दारात एकमेकांना हात जोडणारी माणसं माझ्याजवळ येऊन ‘मूर्ख’, ‘दीडशहाणा’ असं लिहून जात. बोटं तीच, पेन्सिल तीच. मग बदललं काय? मी लाकूड आहे. मला चेहऱ्यापेक्षा हाताचा दाब चांगला कळतो. नाव नसलं की दाब वाढतो, एवढं माझ्या लक्षात आलं. कारण मात्र कळलं नाही.

पंचाण्णव साल होतं. बातम्या लिहायचं काम तेव्हा देवयानीकडे होतं. ती विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकत होती. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. तिने लिहिलं, ‘आपल्या झरोक्याचं भोक म्हणजे एक कॅमेराच आहे. फलकावर रोज पडणारा गोल ठिपका हे सूर्याचं चित्र आहे. ग्रहणात त्याची कोर होईल. आकाशाकडे न बघता ग्रहण बघायला या.’

मित्रांनो, माझं कोडं त्या दिवशी सुटलं! इतकी वर्षं मी सूर्याचं चित्र अंगावर मिरवत होतो आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

दोन दिवसांत खाली चार अभिप्राय आले.

‘वेधात वाचनालय उघडणार? लाज आहे का?’

‘चार बुकं शिकली आणि काशीला शिकवायला निघाली.’

‘मुलांचं काही झालं तर हिचा बाप भरून देणार का?’

‘अशा मुलीला कोण करून घेणार?’

एक अक्षर बारीक होतं, एक ठसठशीत, एक डावीकडे कललेलं. चौथं डाव्या हाताने लिहिल्यासारखं वेडंवाकडं होतं. वेणीमाधवराव चिंतेत पडले. “देवयानी, चार वाचकांचा विरोध आहे. राहू दे यंदा.”

“यंदा राहू दे? ग्रहण काय दर दिवाळीला येतं, काका?”

“मग मी काय करू? चार घरं नाराज करू?”

चार घरं नव्हतीच. चारही वेळा शब्दाच्या शेवटी पेन्सिलीचं टोक तसंच रुतलं होतं. चारही वेळा चंदनाचा तोच वास आला होता. पण फलकाला तोंड कुठलं?

ग्रहणाच्या आदल्या संध्याकाळी देवयानी काशीनाथशास्त्रींना घेऊन आली. ते पाठशाळेतले जुने अध्यापक. लहानपणी त्यांनीच तिला संस्कृत शिकवलं होतं.

“काका, हे वाचा. मी काय गलत लिहिलं? बाबा म्हणतात, उद्यापासून जाऊच नको तिथे. आता तुम्हीच सांगा न, यांना जवाब काय देऊ?”

शास्त्रीबुवांनी चष्मा पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. “देऊ नकोस. निंदकांना उत्तर देत नसतात.”

“पण निंदक आहे कोण, हे तरी कळू दे! सभेत उभं राहिलं की आधी गोत्र आणि नाव सांगायचं, मग आक्षेप घ्यायचा, हे तुम्हीच शिकवलंत. चुकलं की परत सुरुवातीपासून म्हणायला लावायचात. या चौघांना कुणी शिकवलंच नाही का?”

शास्त्रीबुवांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. देवयानीने पाठ केलेल्या धड्यासारखं म्हटलं, “उद्याची बातमी लिहून ठेवते. ती शेवटची,” आणि ती आत गेली.

मग एक हात पेन्सिलीकडे आला. पहिल्या अभिप्रायाखाली त्याने लिहिलं, ‘भारद्वाज गोत्र, काशीनाथ.’ दुसऱ्याखाली तेच लिहिलं, तिसऱ्याखाली तेच. चौथ्यापाशी तो बराच वेळ थांबला, पण तिथेही लिहिलं. मग खाली उरलेल्या जागेत लिहिलं, ‘माझी धाकटी बहीण गंगा हिने सातव्या वर्षी ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे तिला नीट दिसलं नाही. मला भीती वाटते. मुलांची पाठ झरोक्याकडे असू दे.’

या वेळी टोक रुतलं नाही.

वेणीमाधवरावांनी वाचलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, “अहो शास्त्रीबुवा, आम्ही चौघांना घाबरत होतो! तुम्ही तर एकटेच निघालात!” देवयानी बाहेर आली. तिने सह्या वाचल्या, चौथ्या ओळीवर तिचे डोळे थांबले आणि ती शास्त्रीबुवांना म्हणाली, “काका, ही ओळ मी विसरणार नाही. पण उद्या मुलांची पाठ तिकडे आहे की नाही, ते तुम्हीच बघायचं.”

ग्रहणाच्या सकाळी घाटावर स्नानाची गर्दी होती. वाचनालयात अकरा मुलं माझ्याकडे तोंड करून बसली. ओल्या धोतरातले शास्त्रीबुवा पहारेकऱ्यासारखे त्यांच्यामागे उभे होते. माझ्यावरचा गोल ठिपका कडेने कुरतडला जाऊ लागला. साडेआठ वाजून गेल्यावर नखाएवढी कोर उरली, नेमकी कोऱ्या कागदावर. एकही मूल मागे वळलं नाही.

आता नव्व्याण्णव साल आहे. मला काढून कोपऱ्यात उभं केलंय, कारण माझ्या जागी संगणकाचं टेबल येणार आहे. देवयानी सांगत होती, त्याच्या काचेवर जगभरच्या बातम्या वाचता येतील आणि खाली कुणीही, कुठूनही मत लिहू शकेल. नाव नको, गाव नको. मला अजूनही कुतूहल आहे. त्या काचेला हाताचा दाब कळत असेल का?

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. नाव लपवून लिहावं लागलं तर लिहा. पंखा त्यामुळेच सरकला होता. पण शास्त्रीबुवांनी नाव लपवलं तेव्हा टोमणे लिहिले आणि नाव घातलं तेव्हा भीती लिहिली. खरी गोष्ट होती ती भीती. तीच आधी लिहिली असती, तर देवयानीने पहिल्याच दिवशी मुलांची पाठ झरोक्याकडे ठेवायचं ठरवलं असतं.