आंघोळीआधी काढलेलं घड्याळ

धाकट्या दिराची एक खोड वहिनींच्या डोक्यात जायची. पाणबुड्याचं घड्याळ मनगटावर मिरवायचा, आणि आंघोळीला जाताना काढून फडताळात ठेवायचा. म्हणे, पाणी शिरेल! ज्या घड्याळानं वहिनींच्या नवऱ्याबरोबर बावीस वर्षं समुद्राचा तळ पाहिला, त्याला याच्या तांब्याभर पाण्याची धास्ती.

नवरा गेला त्याच आठवड्यात दिरानं ‘दादाची आठवण’ म्हणून ते उचललं होतं. आता त्यानं दादाचा पराक्रमही उचलला. बुडालेल्या बोटीतून सहा खलाशी जिवंत काढणाऱ्या पाणबुड्याच्या नावाची पितळी पाटी आज बंदराच्या कचेरीत लागायची होती. दादाचे साथीदार एकेक करून गेलेले, कागद आगीत जळालेले. पुरावा एकच, त्या पाणबुड्याच्या हातातलं हे घड्याळ; आणि ते आता दिराच्या मनगटावर. म्हणून पाटीवर नाव दिराचं!

सकाळी तो न्हाणीत शिरला तशी वहिनींनी घड्याळ उचललं. अक्षरओळख जेमतेम, पण खालची चावी वेळेची, वरची गजराची, हे नवऱ्यानं दाखवलेलं पक्कं होतं. वरची त्यांनी गच्च पिळली आणि गजराचा काटा साडेअकरावर आणला.

साडेअकराला बंदराच्या कचेरीतल्या सभेत दीर माईकसमोर रंगात आला होता. “खाली मिट्ट काळोख, हवा संपत आलेली...”

डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखं घड्याळ घोंगावू लागलं. शेजारच्या बंदरातून आलेले चार म्हातारे पाणबुडे सवयीनं ताडकन उभे राहिले. त्यांच्या लेखी त्या आवाजाचा अर्थ एकच: पाण्याखालची वेळ संपली, वर चल. दीर मात्र खालची चावी उपटत होता. मग त्यानं हात खिशात कोंबला.

“अरे, वरची दाब, वरची!” एक म्हातारा ओरडला.

“वरची कुठली?” दीर बोलून गेला.

“बाबा रे, हे घालून तू बादलीत तरी उतरलास का?”

सभा खदखदून हसली. बंदराच्या साहेबांनी पाटीवरचं फडकं तसंच राहू दिलं. “हे घड्याळ आहे कुणाचं?”

“माझ्या नवऱ्याचं,” म्हणत वहिनी मंचावर चढल्या. दिराच्या मनगटावरून घड्याळ सोडवलं आणि माईक न झाकता म्हणाल्या,

“भावोजी, घड्याळ नेलंत, मी सोसलं. मेलेल्या भावाचं नाव गिळायला निघालात, ते सोसणार नाही. नवी पाटी लागेल त्या दिवशी इथंच उभं राहून त्याचं नाव मोठ्यानं वाचायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तोवर माझ्या घरात तुमचं ताट नाही.”