पादुकांखालचा अर्ज

दर गुरुवारी गोरक्षनाथबाबाच्या मठापुढे पाय ठेवायला जागा नसे. पार श्रीरामपूरहून माणसं गाड्या जुंपून येत. बाबा कोरा कागद दाखवी, त्यावर धुनीची राख चोळी, आणि कागदावर काळपट अक्षरं उमटत. देवाचं अक्षर हुबेहूब बाबासारखंच कसं, हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती.

सत्तेचाळीस सालचा जून. विजयमाला अडतीस टक्क्यांवर कशीबशी मॅट्रिक झाली होती. नगरच्या नव्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही तर यंदा लग्न, असं वडिलांनी, काकासाहेबांनी बजावलं होतं. एवढ्याशा मार्कांची लाज वाटून ती आपल्या शिक्षकांकडे, मिशन शाळेच्या यशया मास्तरांकडे, फिरकलीच नाही. बापलेक अर्ज घेऊन मठात गेली. बाबानं लखोटा पादुकांखाली सरकवला.

"पाच गुरुवार हितंच ऱ्हाऊ दे. कमी मार्काचं मी बघतो."

पाचव्या गुरुवारी कागदावर उमटलं, 'प्रवेश मिळाला.' काकासाहेबांनी पेढे वाटले. पेढ्याची बातमी ऐकून मास्तर धावत मठात आले.

"अर्ज कधी धाडलास, पोरी?"

"धाडला न्हाई. पादुकांखाली हाय."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी कुंपणाची रुई मोडली, चिकात काडी बुडवून कागदावर काही लिहिलं. कागद कोराच दिसत होता. काकासाहेबांनी त्यावर राख चोळली, तशी अक्षरं वर आली, 'लबाडी'.

"ही मिशनवाल्याची करणी हाय," बाबा ओरडला.

"करणी कसली? चिकाला राख चिकटते," मास्तर म्हणाले. गर्दी कुजबुजू लागली.

मग मास्तरांनी पादुकांखालचा लखोटा काढून फोडला आणि अर्जामागची छापील सूचना वाचून दाखवली. तिसऱ्या वर्गात पास झालेल्या मुलींनाही प्रवेश होता. अर्ज फक्त तीस जूनपर्यंत पोचायला हवा होता. आता जुलै उजाडला होता.

"आमी तर देवाच्या हवाली केल्तं, मास्तर," काकासाहेब पुटपुटले.

विजयमाला लखोटा छातीशी धरून रडली. मास्तरांनी पुढल्या वर्षासाठी काकासाहेबांच्या हातापाया पडून पाहिलं, पण सोयरीक ठरली होती. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं.

तुम्हाआम्हाला एवढंच सांगणं, की शंका आली तर विचारा आणि हातातला कागद आधी वाचा. विजयमालेला विचारायची लाज वाटली. बाबाला फसवायची वाटली नाही.