माझ्या दोन उलट्या ओळी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. शिरूरला एसटी डेपोच्या मागे सैन्यभरतीचे वर्ग चालतात, तिथल्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझ्यावर सैन्यातली सर्वांत मोठी पदं त्यांच्या चिन्हांसह रंगवलेली आहेत. वर फील्ड मार्शल, खाली जनरल, मग लेफ्टनंट जनरल, मग मेजर जनरल. निदान माझा जन्म झाला तेव्हा तरी हाच क्रम होता.

मला घडवलं सुभेदार भिमाजींनी. फौजेतून निवृत्त होऊन ते इनामगावला परतले आणि त्यांनी हे वर्ग काढले. मला रंगवताना ते दौंडच्या पेंटरसमोर दिवसभर बसून होते. चिन्हातली सिंहमुद्रा जरा वाकडी झाली, तर पुसून पुन्हा काढायला लावली. वर्गात माझ्यावर पट्टी ठेवून ते सांगत, की इंग्रजांच्या काळी या सिंहांच्या जागी मुकुट होता. आणि फील्ड मार्शल कधीच निवृत्त होत नाही, आपल्या सैन्यात आजवर दोघांनाच तो मान मिळाला.

मुलं एका ठिकाणी हमखास अडत. मेजर तर लेफ्टनंटपेक्षा मोठा, मग मेजर जनरल खाली कसा?

सुभेदार हसत. "आरं, जुन्या काळी त्या पदाचं नावच हुतं सार्जंट-मेजर-जनरल. फुडचा सार्जंट गळाला, मेजर तेवढा ऱ्हायला. आन् लेफ्टनंट जनरल म्हंजी जनरलच्या जागी उभा ऱ्हाणारा."

पुढे सुभेदारांचे गुडघे गेले आणि वर्ग नवनाथ सरांकडे आले. त्यांनी पहिल्याच दिवशी मला पाहिलं आणि म्हणाले, "हे तर उलटं लिवलंय की!" आठवड्याभरात पेंटर बोलावून त्यांनी दोन नावांची अदलाबदल केली. ओला रंग अंगावर वाळत होता आणि मला ओरडायला तोंड नव्हतं.

चार वर्षांनी वर्गात आलेली खुटबावची शितल मन लावून माझी नक्कल वहीत उतरवून घ्यायची. तिची भरतीची लेखी परीक्षा झाली आणि एका गुणाने तिचं नाव यादीतून गेलं. उत्तरसूची पाहिली, तर चुकलेला प्रश्न याच दोन पदांचा होता.

ती तडक वर्गात आली. "सर, मेजर जनरल खालचा हाय."

"फलकावर बघ की."

"फलकच चुकलाय!"

"चार वर्षं कुणी बोललं न्हाई. तूच तेवढी शहाणी?"

माझाच पुरावा दाखवून ते तिला खोटं पाडत होते. मी नुसता लटकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शितल स्कूटीवरून सुभेदारांनाच घेऊन आली. काठी टेकत ते माझ्यासमोर आले. त्यांनी त्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

"नवनाथ, एकदा इचारायचं तरी. मी मेलो हुतो व्हय?"

सरांची मान खाली गेली. "चुकलं, आप्पा. पेंटरला बोलावतो."

याला तीन महिने झाले. पेंटर आलेला नाही. शितल पुढच्या भरतीची तयारी करते आहे. तिने बरोबर नावांच्या दोन चिठ्ठ्या माझ्यावर डकवल्या आहेत. पंख्याच्या वाऱ्याने त्या निघतात, ती पुन्हा डकवते. ती नसेल त्या दिवशी नवी मुलं चुकीचंच उतरवून घेतात.

मित्रांनो, मी जुना झालो म्हणून मला उतरवा, भंगारात द्या, माझी तक्रार नाही. पण शंका आली, तर ब्रश उचलण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. सुभेदारांचा नंबर सरांच्या मोबाइलमध्ये होता. एक फोन करायचा होता, फक्त एक.